सामाईक विहिरीची पाळी, बोर्डाचं चुकलेलं घड्याळ आणि रात्रीतून बसणारी बॅटरी

काळीमाती (ता. रेणापूर) | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहायलोय, पण विषय घरचा आहे आणि मी पुरता अडकलोय.

आमची विहीर सामाईक. आजोबांच्या मागं जमिनीच्या वाटण्या झाल्या पण विहिरीचे काही चार तुकडे होत नाहीत, म्हणून पाण्याच्या पाळ्या लागल्या. मोटार एकच, तीन-तीन तासाची पाळी, थोरले चुलते वहीत लिहितात. रात्रीची लाइट असली की कोण किती वाजता उठलं, कधी मोटार बंद केली ह्यावरून दर साली कुरबूर व्हायची. मी म्हटलं एक डबाच बसवतो, मोटार चालू झाली की लिहील, बंद झाली की लिहील, वाद मिटला.

रास्पबेरी पाय ३ (छोटा कॉम्प्युटर बोर्ड) घेतला, मोटारीच्या एका फेजवर सीटी (करंट ओळखणारं कडं) अडकवला, त्याच्यामागं डायोड आणि कपॅसिटर, म्हणजे मोटार चालू असली की पिन वर आणि बंद असली की खाली. बारा व्होल्ट सात एएचची बॅटरी, दहा वॉटचं पॅनल, लाइट असली की अडॅप्टरपण चार्ज करतो. पायथनमधे लूप आहे, दर मिलिसेकंदाला पिन बघायची आणि बदल झाला की वेळ लिहायची. डबा पत्र्यावर आहे. फोरजी डोंगल लावलाय, तो तासातासाला फाइल वर पाठवतो.

आता ह्या महिन्यात पावसानं उघडीप दिली, बावीस दिवस झाले, सोयाबीन शेंगा धरायच्या वेळेला आलंय. आभाळ रोज येतंय पण पडत काही नाही, त्यामुळं पॅनलला ऊन नाही आणि रानाला पाणी नाही. बॅटरी रात्री अकरा-साडेअकराला बसायली. आणि त्याच्यावर परवा डब्यानं लिहिलं की माझ्या चुलतभावानं त्याच्या पाळीत मोटार ५ तास ४८ मिनिटं चालवली. तो म्हणतो मी तीनच तास चालवली, आईची शपथ. सगळ्यांसमोर माझ्या डब्यानं त्याला खोटं पाडलं. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, तो खोटं बोलणारा माणूस नाही. दोन रात्री झोप नाही मला.

घड्याळ का चुकलं आणि बॅटरी का बसते, दोन्ही सांगा.

औंढ्याचा_पोरगा (हिंगोली) | सोमवार, रात्री १०:०५

दादा एवढ्याश्या कामाला लिनक्स, म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरची सिस्टीम, कशाला चालवायलाव, एक नॅनो (आर्डुइनोचा छोटा बोर्ड) घाला, स्वस्तात काम होतंय आणि बॅटरी आठवडाभर हलत नाही. आमच्या ठिबकचे व्हॉल्व्ह मी त्याच्यावरच चालवतो.

तेरणाकाठ | सोमवार, रात्री १०:३०

काळीमाती, मी धाराशिवकडची, सध्या पुण्यात, बोर्डांसाठी कर्नलचंच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचंच, काम करते. बोर्ड बदलायचा की नाही ते नंतर बघू, आधी तुमच्या भावाचं बघू. त्या रात्रीच्या ओळी आहेत तश्या टाका, मिनिट-सेकंदासकट. आणि बोर्डाला वेगळं आरटीसी मॉड्यूल, म्हणजे सेलवर चालणारं घड्याळ, लावलंय का? कार्डावरची सिस्टीम, म्हणजे इमेज, कुठली, नवी की जुनी?

काळीमाती | सोमवार, रात्री १०:४८

ताई आरटीसी नाही लावलेलं, नेटवरून वेळ घेतोय ना तो, म्हणून गरज वाटली नाही. इमेज जुनीच आहे, मित्रानं कार्ड करून दिलं होतं.

मोटार चालू २३:१८:०२
मोटार बंद ०५:०६:१५

एवढंच आहे. ह्याच्या आधीची ओळ संध्याकाळची.

तेरणाकाठ | सोमवार, रात्री ११:२५

तुमचा भाऊ खरं बोलतोय. नीट सांगते, कारण हे तुम्हाला घरी समजावून सांगावं लागणार आहे.

पाय ३ वर घड्याळाचा सेल नसतो. लाइट गेली, बॅटरी बसली की त्याला किती वाजले हे अजिबात माहीत नसतं. म्हणून त्या जुन्या इमेजमधे एक तोडगा असायचा, फेक हार्डवेअर क्लॉक म्हणतात त्याला. तो दर तासाला सध्याची वेळ कार्डावर एका फाइलमधे लिहून ठेवतो आणि बोर्ड पुन्हा उठला की तीच वेळ लावतो. म्हणजे मधे बोर्ड मेलेला होता तो काळ त्याच्या हिशोबी झालाच नाही. आणि डेबियन नावाच्या लिनक्सच्या घराण्यात तासाची कामं ठरलेली असतात दर तासाच्या सतराव्या मिनिटाला. तुमची ओळ बघा, २३:१८:०२. शेवटची लिहिलेली वेळ २३:१७, त्यानंतर केव्हातरी बॅटरी बसली. मग थ्री फेज आली, अडॅप्टर चालू झाला, बोर्ड उठला, त्यानं डोळे उघडून घड्याळ लावलं २३:१७, मिनिटभरात ऑटो स्टार्टरनं मोटार घेतली, आणि तुमच्या लूपनं लिहिलं २३:१८. खरे किती वाजले होते ते लाइट कधी आली त्यावरून काढा.

पुढं डोंगलला रेंज मिळाली, एनटीपीनं, म्हणजे नेटवरून वेळ जुळवणाऱ्या सोयीनं, खरी वेळ आणली आणि घड्याळ एका उडीत पुढं गेलं. मोटार बंद झाली तेव्हाची ०५:०६ ही खरी वेळ. तुम्ही खऱ्या वेळेतून खोटी वेळ वजा केलीय.

लाइट त्या रात्री किती वाजता आली?

काळीमाती | सोमवार, रात्री ११:३३

दोनच्या पुढं. वेळापत्रकात दोनची होती आणि पाच-एक मिनिटं उशिरा आली, मला आठवतंय कारण आमच्या घरचा फ्यान तेव्हाच चालू झाला आणि मी जागा झालो. म्हणजे २:०६ ते ५:०६. बरोबर तीन तास.

ताई काय बोलू. सकाळी पहिलं त्याच्या घरी जातो.

तेरणाकाठ | सोमवार, रात्री ११:५२

जा. आणि तोवर हे करून ठेवा म्हणजे पुन्हा होणार नाही.

कर्नलकडं एक नाही, अनेक घड्याळं असतात. एक भिंतीवरचं, रिअलटाइम, ते तारीख-वार सांगतं आणि ते पुढंमागं उडी मारू शकतं, कारण ते कुणीतरी लावत असतं. दुसरं मोनोटॉनिक, ते बोर्ड उठल्यापासून फक्त पुढंच जातं, एनटीपी त्याची चाल किंचित हळू-जलद करतं पण उडी कधीच मारत नाही. तिसरं बूटटाइम, ते मोनोटॉनिकसारखंच पण बोर्ड सस्पेंडमधे झोपलेला काळही मोजतं. किती वेळ चालली हा प्रश्न आला की भिंतीवरच्या घड्याळाला हात लावायचाच नाही. पायथनमधे टाइम डॉट टाइम काढून टाइम डॉट मोनोटॉनिक घाला, पाळीचा कालावधी त्यावर काढा.

पण बोर्ड मधेच मेला तर मोनोटॉनिक पुन्हा शून्यावरून सुरू होतं, म्हणून प्रत्येक ओळीत तीन गोष्टी लिहा: बूट आयडी (बोर्डाच्या त्या उठण्याची ओळख), मोनोटॉनिक आकडा, आणि घड्याळ एनटीपीशी जुळलेलं होतं की नव्हतं. जुळलं त्या क्षणी दोन्ही घड्याळांमधला फरक एकदा लिहून ठेवा, मग त्याच बूटच्या आधीच्या ओळी मागं जाऊन दुरुस्त करता येतात. लिनक्समधला सिस्टमडीचा जर्नल, म्हणजे नोंदवही, ह्याच पद्धतीनं बूट आयडी आणि मोनोटॉनिक आकडा प्रत्येक नोंदीसोबत ठेवतो, त्यामुळं मी काही नवीन सांगत नाहीये. ज्या ओळीची वेळ जुळलेली नाही ती वहीत चढवू नका. तुमच्या डब्याला हे म्हणता यायला पाहिजे की मला माहीत नाही किती वाजले.

लिंबाची_सावली (परभणी) | मंगळवार, सकाळी ७:२०

ताई मी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आम्हाला शिकवलं की कर्नल टायमरच्या टिकटिकीवर वेळ मोजतो, दर टिकेला जिफीज एकनं वाढतो. मग ही अनेक घड्याळं आणि वर एनटीपी, हे कसं? आणि बॅटरी बसायचा ह्याच्याशी काय संबंध, घड्याळ चालवायला असा किती करंट लागत असंल?

तेरणाकाठ | मंगळवार, सकाळी ८:४५

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर मोठं आहे, चहा घेऊन बसा.

पूर्वी खरंच तसंच होतं. टायमर सेकंदाला ठराविक वेळा सीपीयूला टोचायचा, त्या आकड्याला एचझेड म्हणतात, आणि दर टोचणीला कर्नल जिफीज वाढवायचा, भिंतीवरचं घड्याळ पुढं सरकवायचा, कुणाचा टायमर संपला का बघायचा, चालू प्रोग्रॅमचा वाटा संपला का बघायचा. चार कामं एकाच टोचणीवर टांगलेली. लिनक्समधे पीसीवर हा आकडा १०० होता, २.६ ही आवृत्ती आली २००३ च्या डिसेंबरात तेव्हा तो १००० केला, म्हणजे सगळं जास्त बारकाईनं चालेल, आणि लगेच लक्षात आलं की लॅपटॉपच्या बॅटरीला हे झेपत नाही, म्हणून २००५ मधे २.६.१३ ला तो २५० वर आणला. ही ओढाताण ह्यासाठीच होती की एकाच दोरीला बारीक वेळही बांधलेली आणि बॅटरीही बांधलेली.

हिशोब करून बघ. २५० धरला तर दिवसाला २ कोटी १६ लाख वेळा सीपीयू उठतो. १००० धरला तर ८ कोटी ६४ लाख. मशीनला काही काम असो नसो. उठण्यातली वीज त्या क्षणभराच्या कामाची नसतेच, खरा खर्च असा की गाढ झोप लागतच नाही. प्रोसेसरला झोपेच्या पायऱ्या असतात, वरची हलकी, खालची गाढ, गाढ झोपेत कॅश रिकामी करतात, क्लॉक बंद, व्होल्टेज खाली, पण त्यातून उठायला वेळ लागतो. कर्नलचा सीपीयू-आयडल भाग झोपायच्या आधी बघतो की पुढचा टायमर कधी आहे, तो चार मिलिसेकंदावर असेल तर म्हणतो एवढ्यासाठी कुठं खाली उतरायचं, आणि वरच्या पायरीवरच बसतो. बाळंतिणीला दर पाच मिनिटाला हाक मारली तर ती झोपेल का, तसंच.

मग सुटका कशी झाली, तर ती चार कामं एकमेकांपासून सोडवली. वेळ मोजणं वेगळं आणि जागं करणं वेगळं. वेळ मोजायला क्लॉकसोर्स, म्हणजे हार्डवेअरमधला एक काउंटर जो आपला आपण पळत असतो, पीसीवर टीएससी, पाय ३ वर एआरएमचा काउंटर, १९.२ मेगाहर्ट्झचा. कर्नलला वेळ पाहिजे असेल तेव्हा तो काउंटर वाचतो, मागच्या वेळेपासून किती वाढला ते काढतो, एका आकड्यानं गुणतो आणि बिट उजवीकडं सरकवतो की झाले नॅनोसेकंद, भागाकार महाग पडतो म्हणून ही युक्ती. एनटीपी जेव्हा चाल सुधारतं तेव्हा तो हाच गुणायचा आकडा किंचित बदलतो, म्हणून वेळ उडी न मारता हळूहळू जुळते. ह्यात एखादी टोचणी हुकली तरी वेळ हुकत नाही. जुन्या पद्धतीत इंटरप्ट, म्हणजे टोचणी, जास्त वेळ बंद राहिला की टिक बुडायची आणि घड्याळ मागं पडायचं.

आणि जागं करायला क्लॉक इव्हेंट, म्हणजे हार्डवेअरला सांगायचं की मला अमुक क्षणी एकदाच उठव. हा पाया जॉन स्टुल्ट्झ, थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोलनार ह्या लोकांच्या कामातून झाला, २००६ मधे २.६.१६ ला हाय रेझोल्यूशन टायमर आले आणि २००७ ला २.६.२१ मधे टिकविरहित आयडल आलं. आता सीपीयूला काम नसलं की कर्नल टिकच बंद करतो, सगळ्यात जवळचा टायमर कुठला ते बघून तेवढ्यापुरती एकच टोचणी लावतो आणि निवांत झोपतो.

मला स्वतःला हा बदल फार आवडतो. कुणी नवीन चिप केली नाही, नुसतं एकाच दोरीला बांधलेल्या गोष्टी सोडवल्या आणि वेळही अचूक झाली, वीजही वाचली.

आता काळीमातींकडं वळते. कर्नल झोपायला तयार आहे पण तुमचा लूप दर मिलिसेकंदाला म्हणतो उठ, पिन बघायचीय. म्हणजे सेकंदाला हजार वेळा, ८ कोटी ६४ लाख. जो त्रास कर्नलनं वीस वर्षांपूर्वी काढून टाकला तो तुम्ही वरून पुन्हा घातलाय. पिनचा इंटरप्ट असतो, जीपीआयओच्या (म्हणजे ह्या पिनांच्या) लायब्ररीत एज इव्हेंटची, म्हणजे पिन बदलायची, वाट बघत थांबायची सोय आहे, ती वापरा. मोटार चालू-बंद होईल तेव्हाच प्रोग्रॅम उठेल, दिवसातून सहा वेळा म्हणा.

काळीमाती | मंगळवार, दुपारी १:१०

सकाळी गेलो होतो. त्याला सतराव्या मिनिटाचं सांगितलं, त्याला मिनिटाचं काही कळलं नाही पण मी चूक माझ्या डब्याची म्हणालो तेवढं कळलं. वहिनीनं जेवून जा म्हटलं, जेवलो. चुलत्यांना सांगायचं बाकी आहे, ते म्हणतात मशीनवर एकदा विश्वास गेला की गेला, आधी दाखव चालवून.

ताई, लूप काढतो आजच. आणखी काय काय उठवतंय ते कसं कळणार?

तेरणाकाठ | मंगळवार, दुपारी २:००

पॉवरटॉप चालवा, कोण सेकंदाला किती वेळा उठवतंय त्याची यादी देतो. आणि जी कामं अमुकच क्षणाला व्हायला पाहिजेत असं नाही ती एकत्र बांधा. तालुक्याला जायचं असलं की आपण खत, बँक, दवाखाना, सगळं एका खेपेत उरकतो, दर कामाला वेगळी खेप मारत नाही. कर्नलपण तसंच करतो, प्रत्येक टायमरला थोडी सैल सोडता येते, साध्या प्रोग्रॅमला ती ५० मायक्रोसेकंद असते आणि वाढवताही येते, म्हणजे जवळजवळचे टायमर एकाच उठण्यात निघतात. काही टायमर असे असतात की सीपीयू झोपला असेल तर त्यांच्यासाठी उठायचंच नाही, दुसऱ्या कशानं उठला की मग उरकायचे, डिफरेबल म्हणतात.

एक मात्र आधीच सांगते म्हणजे निराशा नको. पाय ३ ला गाढ झोपेच्या पायऱ्या जवळजवळ नाहीतच, सस्पेंडपण नाही. त्यामुळं लूप काढून लॅपटॉपसारखा मोठा फरक दिसणार नाही. तुमच्याकडं सगळ्यात जास्त खाणारा तो डोंगल असणार. तो दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं चालू करा, बाकी वेळ त्याचा पुरवठाच तोडा. यूएसबी मीटर असेल तर आधी आणि नंतर मोजून टाका.

रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर) | मंगळवार, रात्री ११:१५

घड्याळ आणि वीज एकमेकाला कशी बांधलेली आहेत ते मी डोळ्यानं बघितलंय, लिहितो. २०१२ ला मी एका ठिकाणी सर्व्हरवर रात्रपाळी करायचो. १ जुलै, रविवारची पहाट, साडेपाचला लीप सेकंद होता, म्हणजे आपल्याकडं ५:२९:५९ नंतर ५:२९:६० आणि मग ५:३०:००. साडेपाच वाजले आणि एकापाठोपाठ एक मशीनचा सीपीयू शंभर टक्क्याला. जावाचे सगळे प्रोग्रॅम वेड्यासारखे पळायला लागले, पंख्यांचा आवाज खोलीत एकदम चढला, तो आवाज अजून कानात आहे. लॉगमधे काहीच नाही. प्रोग्रॅम रीस्टार्ट केले तरी पुन्हा तेच.

नंतर कळलं की कर्नलनं भिंतीवरच्या घड्याळात तो एक सेकंद घातला पण हाय रेझोल्यूशन टायमरवाल्या भागाला सांगायचंच राहिलं. त्यामुळं तो भाग एक सेकंद पुढं. ज्यानं म्हटलं मला अर्ध्या सेकंदानं उठव त्याला वाटलं वेळ आधीच होऊन गेली, लगेच उठला, पुन्हा झोपायला गेला, पुन्हा लगेच उठला. उपाय एका ओळीचा निघाला, सध्याचीच तारीख पुन्हा सेट करायची, म्हणजे टायमरवाल्याला निरोप पोचतो. आम्ही सकाळी आठपर्यंत मशीनमागून मशीन तेच करत होतो. एका सेकंदाच्या चुकीनं किती वीज जळाली असेल त्या सकाळी.

शेवटचा लीप सेकंद १ जानेवारी २०१७ ला आला, आणि २०२२ ला वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलंय की २०३५ पर्यंत ही पद्धत थांबवायची. मला तरी त्याचा आनंद आहे.

औंढ्याचा_पोरगा | बुधवार, सकाळी ९:३०

मी वर नॅनो घाला म्हणालो होतो, ते अजूनही म्हणतो, पण एक अनुभव सांगायचा राहिला तो प्रामाणिकपणे लिहितो. मागच्या उन्हाळ्यात ठिबकचा एक व्हॉल्व्ह उघडला तो बंदच झाला नाही, सकाळी जाऊन बघतो तर हळदीच्या एका कोपऱ्यात तळं. बोर्ड बंद-चालू केला की ठीक. मग पुन्हा दीड-पावणेदोन महिन्यानं तेच. मला वाटलं रिले खराब. रिले बदलला, व्हॉल्व्ह बदलला. ताई हे घड्याळाचंच असंल का?

तेरणाकाठ | बुधवार, सकाळी १०:१०

पावणेदोन महिने म्हणजे ४९ दिवस १७ तास असणार. मिलिसेकंदाचा काउंटर ३२ बिटचा आहे, एवढ्या काळात तो भरतो आणि शून्यावर येतो. तुम्ही बेरीज ३२ बिटपेक्षा मोठ्या आकड्यात धरून लिहिलं असेल की आत्ताची वेळ ही सुरुवात अधिक कालावधी ह्यापेक्षा मोठी झाली की बंद कर. काउंटर गुंडाळला गेला की आत्ताची वेळ छोटी आणि बंद करायचा आकडा मोठा, मग ती वेळ येतच नाही. उलटं लिहा, आत्ताची वेळ वजा सुरुवात, ती वजाबाकी कालावधीपेक्षा मोठी झाली की बंद. बिनचिन्हाच्या आकड्यात ही वजाबाकी गुंडाळल्यावरही बरोबर येते.

कर्नलमधेही हेच दुखणं होतं, ३२ बिटवर एचझेड १००० असला की जिफीज तेवढ्याच दिवसात गुंडाळतो. ज्यांच्या ड्रायव्हरमधे चूक असायची त्यांना ती पन्नासाव्या दिवशी कळायची, तोवर कोड जगभर गेलेला. मग त्यांनी काय केलं, जिफीजची सुरुवात शून्यापासून न करता उणे पाच मिनिटांपासून केली. मशीन चालू करा, पाच मिनिटांत काउंटर गुंडाळतो, चूक असेल तर तिथंच टेबलावर दिसते. इतकी साधी आणि इतकी चांगली गोष्ट मी कमी बघितलीय. तुमच्या नॅनोच्या प्रोग्रॅममधेपण चाचणी घेताना काउंटरमधे असाच आकडा मिळवून बघा.

औंढ्याचा_पोरगा | बुधवार, सकाळी १०:२५

तसंच लिहिलंय ताई, अधिक करूनच. आजच बदलतो. दोन व्हॉल्व्ह उगं फेकले.

पत्र्याचं_घर (बीड) | बुधवार, रात्री ८:५०

मी रिपेअरिंगचं दुकान चालवतो, कर्नलमधलं मला कळत नाही पण आरटीसीच्या सेलाचं आणि क्रिस्टलचं कळतं, त्यामुळं काळीमाती दादाला दोन गोष्टी सांगतो.

आरटीसीची चिप डीएस१३०७ घेऊ नका, डीएस३२३१ घ्या. घड्याळाचा क्रिस्टल ३२,७६८ हर्ट्झचा असतो, हा आकडा दोनचा पंधरावा घात, पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद. तो क्रिस्टल पंचविशीच्या तापमानाला जुळवलेला असतो आणि त्याच्या खाली जा की वर जा, मागंच पडतो, तेही फरकाच्या वर्गात, एका अंशाला साधारण ०.०३५ पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक). तुमचा डबा पत्र्यावर आहे म्हणे. एप्रिल-मेत आपल्याकडं बाहेर ४२, पत्र्यावरच्या बंद डब्यात ६० सहज. पंचविशीपासून ३५ अंश, ३५ चा वर्ग १२२५, गुणिले ०.०३५, झाले ४३ पीपीएम, म्हणजे त्या तापमानाला दिवसाला पावणेचार सेकंद. रात्री थोडं सावरतं, पण महिन्याला मिनिटभर तरी जाणारच. डीएस३२३१ च्या पोटातच तापमान मोजायची सोय आहे आणि तो स्वतःला सुधारत राहतो, ० ते ४० अंशात दोन पीपीएम, म्हणजे वर्षाला एक मिनिट.

दुसरं, बाजारात मिळतं त्या निळ्या मॉड्यूलवर सेलाला चार्ज करायची वाट असते, एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर. त्यात साधा सीआर २०३२ घातला की न चार्ज होणाऱ्या सेलाला चार्जिंग चालू राहतं, सेल फुगतो, माझ्याकडं असे तीन आलेत, एकाच्या आतलं रसायन पूर्ण बोर्डावर पसरलेलं. तो रेझिस्टर काढून टाका आणि मगच सेल घाला. आणि डबा सावलीत घ्या.

निलंगा_रोड (ता. औसा) | गुरुवार, सकाळी ६:४०

तुमचं सगळं वाचलं. कुणी विचारंल की विहिरीच्या पाळीला सेकंद कशाला पाहिजे, मिनिट पुरतंय, आणि ते खरंच आहे. पण मी औसा तालुक्यातला, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, अकरा वर्षाचा होतो. पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी होती. अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून लोक नुकतेच झोपलेले. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ खाली पडून त्याच वेळेवर थांबलं होतं, ते वडलांनी कितीतरी वर्षं टाकलं नाही.

पुढं मी भौतिकशास्त्र शिकलो तेव्हा कळलं की भूकंपाची जागा घड्याळावरूनच काढतात. पहिली लाट जमिनीतून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते, वेगवेगळ्या केंद्रावर ती कधी पोचली त्या वेळांच्या फरकावरून केंद्र ठरतं. एका केंद्राचं घड्याळ एक सेकंद चुकलं तर हिशोबात सहा किलोमीटरचा घोळ, म्हणजे ह्या गावाचं नाव त्या गावावर. तेव्हापासून घड्याळाच्या कामाला मी लहान काम म्हणत नाही. काळीमाती, तुमचं काम नीट करा, आमच्या सगळ्यांचं लक्ष आहे.

लिंबाची_सावली | गुरुवार, सकाळी ७:०५

ताई मी माझ्या लॅपटॉपवर पॉवरटॉप लावलं. ब्राउझरचा एकच टॅब सेकंदाला तीनशेच्या वर वेळा उठवत होता, त्यात फक्त एक जाहिरात हलत होती. टॅब बंद केला आणि आकडा पडला. वर्गात दाखवणार आहे. आणि बोर्ड ३२ बिटचा असला तर २०३८ चं पण बघायचं ना?

तेरणाकाठ | गुरुवार, सकाळी ८:३०

हो, १९ जानेवारी २०३८, आपल्याकडं सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, त्यानंतर ३२ बिटचं जुनं घड्याळ १९०१ ला जातं. कर्नल २०२० च्या ५.६ पासून ३२ बिटवरही तयार आहे, पण वरची लायब्ररी आणि प्रोग्रॅमपण ६४ बिटची वेळ वापरणारे पाहिजेत. पाय ३ चा प्रोसेसर मुळात ६४ बिटचाच आहे, काळीमाती, नवं कार्ड करताना ६४ बिटची इमेज टाका म्हणजे हा विषयच संपला.

काळीमाती | पुढच्या महिन्यात, रविवार, संध्याकाळी ६:२०

उशीर झाला, कापणीच्या आधीची धांदल चालू आहे. सांगितलं तसं सगळं केलं, आकडे टाकतो.

यूएसबी मीटरवर आधी २.९ वॉट होते. फक्त लूप काढला तर २.६. ताई म्हणाल्या तसंच, फार नाही. डोंगलला रिले लावून दिवसातून दोनदा चालू केला, एचडीएमआय बंद केला, तेव्हा १.३ वर आलं. आता संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेआठ, चौदा तासाला अठरा वॉट-तास लागतात, बॅटरी निम्मीपण उतरत नाही. सलग पाच दिवस आभाळ होतं तरी एकदाही बसली नाही. डीएस३२३१ लावलं, रेझिस्टर आधी काढला, बीडच्या दादांचे आभार. डबा पत्र्यावरून काढून मोटारीच्या खोलीत कडुनिंबाच्या बाजूच्या भिंतीला ठोकलाय.

ओळी आता अश्या येतात: बूट ७, मोनोटॉनिक ८८,४०२, जुळलेलं, मोटार चालू. मधे एकदा मीच मुद्दाम बॅटरीची वायर काढली, सेलपण काढला, चुलत्यांना समोर बसवून. बोर्ड उठला, मोटार चालू केली, ओळ आली तिच्यात लिहिलं होतं वेळ जुळलेली नाही. दहा मिनिटांनी डोंगल चालू केला, मागची ओळ आपोआप दुरुस्त झाली. चुलत्यांनी हातातल्या घड्याळाशी ताडून बघितलं. काही बोलले नाहीत. वही मागवली, मागचं पान काढलं, ५ तास ४८ मिनिटं खोडून ३ तास लिहिलं, खाली सही केली आणि वही चुलतभावाकडं सरकवली की तूपण कर.